मशीन नंतर, वही आधी
अँटॉप हिलमध्ये घरगुती उद्योग निवडताना: खर्च, कागदपत्रं आणि हिशोब

शंभर पोळ्यांना तीन किलो कणीक लागते. पन्नास रुपये किलोने दीडशे रुपये झाले. तेल पंचवीसचं, गॅस चाळीसचा, फॉइल आणि पिशव्या तीस रुपयांच्या. एकूण २४५. दहा रुपयांना एक पोळी विकली तर हातात येतात हजार आणि उरतात ७५५. आता घड्याळाकडे बघू. कणीक मळायला अर्धा तास, लाटून भाजायला तीन तास, मोजून बांधायला अर्धा तास, खाली-वर करून पोचवायला एक तास. पाच तासांचे ७५५, म्हणजे तासाला दीडशे रुपये.

कोकरी आगारला राहणाऱ्या माझ्या मावशीने हा हिशोब तीन वर्षं केला नव्हता. पोळी सात रुपयांना देत होती, कारण शेजारची सातला देत होती. सातच्या भावाने तिला तासाला एक्क्याण्णव रुपये सुटत होते. त्यात पाच दिवस आजारपण, दोन दिवस सण आणि एका गिऱ्हाइकाची महिन्याची उधारी आली की हाती काय राहायचं ते तिलाच ठाऊक. वही घेऊन बसलो त्या दिवशी ती गप्प झाली. दुसऱ्या महिन्यापासून तिने दहा रुपये लावले. चाळीसपैकी सहा गिऱ्हाइकं गेली, चौतीस राहिली.

घरी बसून काय करता येईल, असं मला जितक्या जणांनी विचारलं तितक्यांना मी ही पोळीची गोष्ट सांगत आलो आहे. कारण प्रश्न विचारताना बहुतेकांच्या डोळ्यांसमोर एखादं मशीन असतं. शिलाईचं, केकचं, अगरबत्तीचं, द्रोण-पत्रावळीचं. मशीन दुकानात मिळतं. तुमच्या एका तासाला काय मिळणार हे दुकानात कळत नाही, ते आपल्यालाच काढावं लागतं. पुढचं सगळं लिहिणं त्या एका आकड्याभोवती आहे. इथले भाव मी ढोबळमानाने धरले आहेत. तुम्ही त्या जागी आपल्या गल्लीतले भाव घाला, रीत तीच राहू द्या.

आवड आणि बसलेला हात

मावशीला पोळ्यांची आवड मुळीच नाही. तिला आवडतं भरतकाम. काश्मिरी टाक्याचा एक ब्लाउजपीस ती तीन-चार दिवस घेऊन बसते आणि त्या वेळी तिच्याशी बोललं तरी तिला ऐकू येत नाही. मग तिने भरतकामच का विकू नये? आम्ही तेही मांडून पाहिलं. एका पीसला वीस तास. ओळखीतल्या बायका कौतुक करतात आणि आठशे रुपयांच्या वर जात नाहीत. दोरा-कापड वजा केलं की तासाला पस्तीस रुपये. शिवाय ऑर्डर आली की तारीख येते, आणि तारीख आली की तिचा टाका बिघडतो. तिने भरतकाम स्वतःसाठी ठेवलं. मला तो निर्णय फार शहाणपणाचा वाटतो. आवडीचं प्रत्येक काम बाजारात मांडलंच पाहिजे असं नाही. एखादी गोष्ट मन रमवायला घरात राहू द्यावी.

उलट, नुसता हात बसलाय म्हणून नावडतं काम निवडलं तर ते सहा महिन्यांत अंगावर येतं. मावशीला पोळ्या आवडत नसल्या तरी पहाटे साडेपाचला उठून रेडिओ लावून एकटीने काम करणं आवडतं. तिच्या स्वभावाला ते जुळतं. माणसांची ये-जा, घासाघीस, ट्रायल, ‘खांद्यात जरा सैल करा’ हे तिला सोसलं नसतं. म्हणून आवड तपासताना वस्तूपाशी थांबू नका. ‘मला केक आवडतात’ हे उत्तर अपुरं आहे. केक करणं म्हणजे शनिवारी रात्री अकरा वाजता कुणाच्या तरी वाढदिवसासाठी क्रीम फेटणं आणि फोटोतल्यासारखा रंग आला नाही म्हणून ऐकून घेणं. ते चालेल का, हा प्रश्न.

आणखी एक खूण आहे. लोक आजच तुमच्याकडे काय मागायला येतात? बिल्डिंगमधल्या बायका साडीला फॉल लावून मागतात, की मुलाचं गणित बघायला सांगतात, की चकलीची भाजणी विचारतात, की नोकरीला जाताना पोर तुमच्यापाशी सोडून जातात? फुकट मागितलं जातं ते कौशल्य लोकांनी आधीच पारखलेलं असतं. तिथून सुरुवात केली तर पहिलं गिऱ्हाईक शोधायचा खर्च वाचतो, आणि तो खर्च नव्या धंद्यात फार मोठा असतो.

आधी घराला विचारा

अँटॉप हिलची घरं एका जातीची नाहीत. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची वसाहत, काणे नगर, संगम नगरच्या चिंचोळ्या गल्ल्या, प्रतीक्षा नगरच्या म्हाडाच्या इमारती, आणि अलीकडचे उंच टॉवर. कोणत्या घरात राहता त्यावर उद्योग ठरतो, आणि हे कुणी आधी सांगत नाही.

सरकारी क्वार्टर्समध्ये राहणाऱ्यांनी नीट वाचावं. केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम १९६४ मधल्या नियम १५ नुसार कर्मचाऱ्याला स्वतःला पूर्वपरवानगीशिवाय धंदा करता येत नाही. घरातलं कुणी व्यापार-धंदा करत असेल तर ते कर्मचाऱ्याने सरकारला कळवायचं असतं. बायकोने उद्योग करायला ही मनाई नाही, पण लपवून करू नये. एका अर्जाचं काम आहे, नवऱ्याच्या नोकरीवर टाच येण्यापेक्षा ते परवडतं. क्वार्टर मात्र राहण्यासाठी दिलेलं असतं. तिथे पाटी लावून, गिऱ्हाइकांची रांग लावून दुकान थाटलं तर घरावरच गदा येऊ शकते. म्हणून या वसाहतीत बाहेर पोचवायची कामं किंवा दुसऱ्याच्या घरी जाऊन करायची कामं जास्त बरी.

सोसायटीत राहात असाल तर कमिटीशी आधी बोला. लिफ्टने दिवसाला पंधरा माणसं वर येणार असतील तर तक्रार होणारच. भाड्याच्या घरात मालकाची लेखी संमती घ्या, करारात नुसतं ‘राहण्यासाठी’ लिहिलेलं असतं. दहा बाय बाराच्या खोलीत राहणाऱ्यांनी आणखी एक मोजमाप करावं: काम संपल्यावर सामान कुठे जाणार? शिलाई मशीन रात्री भिंतीला लागतं. मुलांची झोपायची जागा त्यात गेली तर पहिली भांडणं घरातच होतात.

विजेचा एक नियम फार कामाचा आहे. वीज नियामक आयोगाच्या दरपत्रकानुसार राहत्या घराच्या काही भागात धंदा करणाऱ्यांना घरगुती दरच लागतो, पण वापर महिन्याला ३०० युनिटपर्यंत आणि वर्षाला ३,६०० युनिटपर्यंत असावा लागतो. आपल्याकडे वीज बेस्टची. मागच्या बारा महिन्यांची बिलं काढा आणि युनिटची बेरीज करा. १,५०० वॉटचा ओव्हन सलग तासभर चालला तर दीड युनिट. रोज दोन तास, महिन्याचे पंचवीस दिवस म्हणजे पंच्याहत्तर युनिट. घर आधीच २४० वर असेल तर ओव्हनने तुम्ही ३०० ओलांडलेत. शिलाई मशीनची मोटर साधारण शंभर वॉटची, दहा तासांना एक युनिट. इस्त्री मात्र तासाला एक युनिट खाते, शिवणकामात मशीनपेक्षा इस्त्रीच बिल वाढवते.

गॅसचंही तसंच. घरगुती १४.२ किलोचा बाटला धंद्यासाठी वापरायची परवानगी नाही. धंद्याचा बाटला १९ किलोचा, त्याचा दर दर महिन्याच्या एक तारखेला बदलतो. सुरुवातीला पाच किलोचा छोटा बाटला घेता येतो, तो पत्त्याच्या पुराव्याशिवाय मिळतो. पोळीच्या हिशोबात मी गॅसचे चाळीस रुपये धरले ते धंद्याच्या बाटल्याच्या भावाने. घरगुती गॅसवर हिशोब मांडला तर नफा फुगलेला दिसतो आणि पकडलं गेलं तर कनेक्शन जातं.

गिरणगावाने आधीच भरलेली फी

आपण राहतो तिथून फार लांब नाही, लालबाग-परळच्या चाळींत, घरगुती उद्योगाचा सगळ्यात मोठा धडा घडून गेला आहे. गावाकडे बायकामुलं ठेवून आलेल्या गिरणी कामगारांना चाळीतल्या बाया खानावळीतून दोन वेळचं जेवण घालायच्या. एकेकीकडे वीस-पंचवीस माणसं जेवायची. कामगार पैसे द्यायचा पगार झाल्यावर, आणि धान्य मात्र आज लागायचं. म्हणून वाणी आणि सावकार. नफ्याचा मोठा हिस्सा व्याजात जायचा. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी या बायांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि त्यांना बँकेच्या कर्जापर्यंत नेलं. स्वयंपाक त्या बायांना आधीपासून येत होता. त्यांना अडचण होती ती मधल्या तीस दिवसांच्या पैशाची.

डबा किंवा खानावळ काढणाऱ्याने म्हणून पहिला आकडा हा मांडावा. वीस डबे, एका डब्यामागे सामान आणि गॅसचे साठ रुपये, महिन्याचे पंचवीस दिवस: तीस हजार रुपये तुमचे अडकले, आणि पैसे येणार महिन्याअखेरीस. भांडी-कुंडी पाच हजारांत होतात, पण हे तीस हजार नसतील तर दुसऱ्याच आठवड्यात वाण्याची उधारी सुरू होते. उपाय सरळ आहे. आठवड्याचे पैसे आगाऊ घ्या. लाज वाटू देऊ नका, शाळेची फी आपण आगाऊच भरतो. आठवड्याच्या आगाऊ पैशांवर हेच वीस डबे सात-आठ हजारांच्या भांडवलात चालतात.

दुसरा धडा १९८२ चा. १८ जानेवारीला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि ज्या खानावळींची सगळी माणसं गिरणीतली होती त्यांची चूल थंडावली. एकाच ऑफिसचे वीस डबे घेण्यापेक्षा चार ठिकाणचे पाच-पाच घ्या. फिरायचा त्रास वाढेल, पण झोप लागेल.

गिरगावात १५ मार्च १९५९ ला सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला घेतले, ती लिज्जतची सुरुवात. पहिल्या वर्षीची विक्री ६,१९६ रुपयांची होती. ही गोष्ट सगळेच सांगतात, मला त्यातला पावसाळा महत्त्वाचा वाटतो. पहिल्या वर्षी पावसाळ्याचे चार महिने पापड वाळेनात म्हणून काम बंद ठेवावं लागलं. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह घेतला. खाटेवर पापड, खाली पेटता स्टोव्ह. मुंबईत वाळवणाचा कुठलाही उद्योग, पापड, कुरडया, सांडगे, मसाले, निवडणाऱ्याने जूनच्या आधी आपली ‘खाट आणि स्टोव्ह’ काय असणार ते ठरवावं. नाहीतर वर्ष आठ महिन्यांचं धरून हिशोब करावा. मालवणी मसाल्याचा विचार असेल तर मिरची एप्रिल-मेमध्येच घ्यायची, लालबागच्या मसाला गल्लीत भाजून-कुटून आणायची आणि हवाबंद भरायची. वर्षाचं भांडवल दोन महिन्यांत घालावं लागतं, हे त्या धंद्याचं खरं ओझं.

शिवणकाम

याविषयी सगळ्यात जास्त विचारणा होते, म्हणून थोडं सविस्तर.

पायाने चालवायचं साधं घरगुती मशीन नवीन सात ते दहा हजारांत येतं. मोटर बसवली की दीड-दोन हजार वर. टेबल-मोटरसकट औद्योगिक मशीन वीस ते तीस हजार. पिको-फॉलचं वेगळं मशीन आठ ते बारा हजार. कात्री, टेप, इस्त्री, हँगर, दोऱ्यांचा डबा, आरसा यांना तीन हजार धरा. कापड आणि अस्तर हिंदमाताला किंवा मंगलदास मार्केटला, लेस-टिकल्या भुलेश्वरला. तिकडे एकदा जायचं म्हणजे अर्धा दिवस जातो, तोही खर्चात लिहा.

आता तासाचा हिशोब. फॉल-पिकोला शंभर ते दीडशे रुपये मिळतात. फॉलपट्टी आणि दोरा तीस रुपयांचा, वेळ तासभर. उरले सरासरी नव्वद-शंभर. अस्तराच्या ब्लाउजची शिलाई सहाशे धरली, अस्तर-हुकांचे शंभर गेले, माप-कापणी-शिवण-इस्त्री-ट्रायल मिळून साडेतीन तास. तासाला एकशे चाळीस. आणि ज्याला कुणी हात लावत नाही ते आल्टरेशन: पँट कमी करणं, चेन बदलणं, कुर्ता आत घेणं. वीस मिनिटांचं काम, साठ ते ऐंशी रुपये, सामान जवळजवळ शून्य. तासाला दोनशेच्या आसपास. नवी शिवण शिकायला वर्ष लागतं, आयटीआयमधला शिवणकामाचा ट्रेडही एक वर्षाचाच आहे. आल्टरेशन दोन-तीन महिन्यांत जमतं. टॉवरमध्ये राहणाऱ्या, तयार कपडे ऑनलाइन मागवणाऱ्या लोकांना रोज कुणीतरी हवं असतं, आणि आपल्या भागात टॉवर वाढतच आहेत. शिवणकाम निवडणाऱ्याने आल्टरेशनपासून सुरुवात करावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

जुन्या मशीनवर किंवा मैत्रिणीच्या मशीनवर पन्नास कामं करून बघा. पन्नास झाल्यावरही बसावंसं वाटलं, तर दुकानात जा.

केक, फराळ, मोदक

ओव्हन सात ते दहा हजार, बीटर दोन हजार, साचे-नोझल-टर्नटेबल दोन-तीन हजार. साचे, खोके आणि सजावटीचं सामान क्रॉफर्ड मार्केट आणि अब्दुल रहमान स्ट्रीट भागात घाऊक मिळतं. शिकवणीचे क्लास पाच हजारांपासून कितीही. एक किलोच्या केकला सामान, खोका, वीज मिळून तीनशे रुपये लागतात. विकला नऊशेला. वेळ तीन तास. तासाला दोनशे, आकडा छान आहे. पण महिन्याला अशा किती ऑर्डर येतील? पहिल्या वर्षी आठ-दहा आल्या तरी खूप. केक करणारं घर आता प्रत्येक बिल्डिंगमध्ये आहे.

फराळाचं आणि उकडीच्या मोदकांचं गणित वेगळं. काम वर्षाला तीस-चाळीस दिवसांचं, पण त्या दिवसांत मागणी पुरवता येत नाही. ज्यांना वर्षभर बांधून घ्यायचं नाही त्यांच्यासाठी हे उत्तम. मोदकाला हात बसलेला हवा. पाकळी पडत नसेल तर गणपतीच्या आदल्या दिवशी शिकता येत नाही. दोन बायकांनी मिळून तीनशे मोदक घेतले तर जमतं, एकटीने घेऊ नयेत.

पोचवण्याचा खर्च सगळ्या खाद्यपदार्थांना खातो. टॅक्सीचं किमान भाडं फेब्रुवारी २०२५ पासून ३१ रुपये आहे. दहा पोळ्यांवर पंच्याहत्तर रुपये सुटतात आणि जाऊन-येऊन टॅक्सीला बासष्ट लागतात. त्यामुळे चालत जाता येईल तेवढाच आपला बाजार समजावा. नाहीतर पोचवण्याचे पैसे बिलात वेगळे दाखवावेत.

पाळणाघर आणि शिकवणी

पाळणाघराला पैसे कमी आणि छाती मोठी लागते. गाद्या, खेळणी, खिडक्यांना जाळ्या, औषधांची पेटी, सगळं पंधरा हजारांत होतं. पाच मुलं, प्रत्येकी पाच हजार, महिन्याला पंचवीस हजार. खाण्यापिण्याचे चार हजार गेले. सकाळी आठ ते रात्री आठ, महिन्याचे पंचवीस दिवस म्हणजे तीनशे तास. तासाला सत्तर रुपये. मावशीचं भरतकाम सोडलं तर यादीत हा आकडा सगळ्यात लहान आहे. तरी ज्यांना स्वतःचं मूल सांभाळत घरी राहायचंय त्यांना तो परवडतो, कारण ते तास तसेही घरातच जाणार होते. पण सुट्टी नाही. तुम्हाला ताप आला तर पाच घरांच्या आया कामाला जाऊ शकत नाहीत. मदतीला बाई ठेवली तर तिच्या पगाराने निम्मा नफा जातो, म्हणून घरात दुसरं जबाबदार माणूस असेल तरच हा उद्योग घ्या. पालकांशी वेळ, आजारपण, उशीर आणि मुलाला कोण नेणार हे सगळं कागदावर लिहून सही घ्या.

शिकवणीला फळा आणि सतरंजी पुरते, दीड-दोन हजार. पहिली ते चौथीची दहा मुलं, आठशे रुपये, रोज दोन तास: तासाला एकशे साठच्या आसपास. वर्ष मात्र दहा महिन्यांचं, उन्हाळी सुट्टीत फी येत नाही. शाळेत शिक्षक असलेल्यांना खासगी शिकवणी घेता येत नाही, २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २८ ने ती बंद केली आहे.

कागदपत्रं आणि त्यांची खरी किंमत

खाण्याचा पदार्थ विकणार असाल तर अन्न सुरक्षेची नोंदणी हवीच, चार डबे असले तरी. २०११ च्या नियमांनी वर्षाला १२ लाखांपर्यंतच्या उलाढालीला साधी नोंदणी ठेवली आणि तिची फी वर्षाला १०० रुपये धरली. अर्ज ऑनलाइन होतो. एजंट याच कामाचे हजार-दीड हजार मागतात. मुलीला किंवा भाच्याला शेजारी बसवा आणि स्वतः भरा. मिळालेला चौदा आकडी क्रमांक पाकिटावर छापायचा. बंद पाकिटावर वजन, किंमत, केव्हा केलं, कधीपर्यंत खायचं, कशाकशाचं केलं आणि तुमचं नाव-पत्ताही लागतो.

गुमास्ता परवान्याबद्दल उगाच भीती आहे. २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार मोजकीच माणसं कामाला असतील तर नोंदणी लागत नाही, ऑनलाइन सूचना पुरते. उद्यम नोंदणी २०२० पासून आहे, आधारवर होते आणि पूर्ण मोफत आहे. तिच्या नावाने पैसे मागणाऱ्या, सरकारी दिसणाऱ्या साइट पुष्कळ आहेत, तिथून मागे फिरा. जीएसटीची चिंता वस्तू विकणाऱ्याला वर्षाला ४० लाखांपर्यंत आणि सेवा देणाऱ्याला २० लाखांपर्यंत सहसा नसते.

बँकेत वेगळं बचत खातं उघडा आणि धंद्याचा सगळा पैसा त्यातूनच फिरवा. खर्च शून्य, पण पुढे कर्ज मागाल तेव्हा हे एक पासबुक दहा प्रमाणपत्रांचं काम करतं.

पैसा कुठून आणायचा

पहिले तीन महिने घरातल्या पैशातून, आणि तेही पाच हजारांच्या आत. मंगळसूत्र किंवा मुलांची एफडी यांना हात लावू नका. तीन महिन्यांच्या वहीत तासाचा आकडा स्थिर दिसू लागला की मग मुद्रा योजनेचं शिशु कर्ज मागा. ते ५० हजारांपर्यंत मिळतं, तारण लागत नाही. बचत गटात असाल तर गटाचं कर्ज आणखी सोपं.

शिंपी, हार विणणारे, परीट, टोपल्या-झाडू करणारे, बाहुल्या-खेळणी करणारे यांच्यासाठी १७ सप्टेंबर २०२३ पासून पीएम विश्वकर्मा योजना आहे. काही दिवसांचं प्रशिक्षण, त्या काळात दिवसाला ५०० रुपये, अवजारांसाठी १५ हजारांपर्यंत आणि पुढे ५ टक्के व्याजाने एक लाखापर्यंतचं पहिलं कर्ज. आधीपासून तो व्यवसाय हाताने करणाऱ्यांना ती लागू आहे, आणि घरटी एकालाच. सरकारी नोकरीतल्या व्यक्तीच्या कुटुंबाला मात्र मिळत नाही, त्यामुळे आपल्या सरकारी वसाहतीतल्या बहुतेक घरांनी त्यावर आशा ठेवू नये. संगम नगर, कोकरी आगारमधल्या घरांनी जरूर चौकशी करावी.

इथे एक रुपयाही देऊ नका

‘घरबसल्या पेन्सिल पॅकिंग, महिना तीस हजार.’ हा निरोप तुमच्या मोबाइलवर कधी ना कधी येतोच. आधी सहाशे रुपये नोंदणीचे, मग ओळखपत्राचे, मग माल पोचवायच्या गाडीचे. माल येत नाही. पेन्सिली कारखान्यात मशीनवर भरल्या जातात, त्या घरोघर वाटायची कंपनीला गरजच नसते. याचा मोठा भाऊ म्हणजे ‘मशीन आमच्याकडून घ्या, माल आम्हीच परत घेऊ’. अगरबत्ती, वाती, द्रोण-पत्रावळी. मशीन लाखभर रुपयांचं. पहिली खेप घेतली जाते, दुसरी ‘दर्जा बसत नाही’ म्हणून परत येते. काम देणारा पैसे देतो, मागत नाही. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या हेल्पलाइन क्रमांकावर फोन करा. पहिल्या काही तासांत सांगितलं तर पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त असते.

बंद करायला काय लागतं

सुरू करण्याचा खर्च सगळे विचारतात, बंद करण्याचा कुणी विचारत नाही. निवडताना तोही पाहावा. शिलाई मशीन दोन वर्षं वापरून विकलं तर निम्मे पैसे परत येतात, त्याला नेहमी गिऱ्हाईक असतं. ओव्हनचे एक-तृतीयांश आले तरी नशीब. साचे, नोझल, छापलेले खोके, स्टिकर यांचे काहीच नाही, म्हणून पहिल्या खेपेला शंभरच्या वर छापू नका. वर्षाचा कुटून ठेवलेला मसाला तर दर महिन्याला वास सोडत जातो. शिकवणीचा फळा भिंतीवर राहील. पाळणाघर बंद करायचं तर पालकांना दोन महिने आधी सांगावं लागतं, त्यांची मुलं अधांतरी सोडता येत नाहीत.

मावशीने गेल्या वर्षी पोळ्या शंभरावरून साठवर आणल्या, मनगट दुखायला लागलं म्हणून. तिचं सामान म्हणजे दोन तवे, एक पोळपाट, एक मोठी परात. चाळीस पोळ्यांची गिऱ्हाइकं तिने खालच्या मजल्यावरच्या सुनेला दिली, आणि तिच्याकडून पहिल्या दिवशीच एक शंभर पानी वही विकत आणवली.